अमेरिकेचा निकाल: कोणी घाईने अभिनंदन केलं, कोण थांबलं आणि का

तळटीप

२०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ट्रम्प कसे जिंकले, हॅरिस कुठे कमी पडल्या, पेन्सिल्व्हेनियात काय झालं यावर या चर्चामंचावर आधीच धागे वाहताहेत. ते दळण या धाग्यावर नको. मला या वेळी निकालापेक्षा जगभरातून आलेल्या प्रतिक्रिया जास्त रंजक वाटल्या, म्हणून हा वेगळा धागा.

६ नोव्हेंबरला आपल्याकडे दुपार होती. असोसिएटेड प्रेसने ट्रम्प विजयी असं जाहीर केलं तेव्हा भारतात चार वाजून गेले होते. त्याआधीच फ्रान्सचे मॅक्राँ, इस्रायलचे नेतन्याहू, हंगेरीचे ऑर्बान यांचे संदेश ट्विटरवर (एक्स म्हणायची सवय अजून लागत नाही) पडलेले होते. झेलेन्स्कीही मागे नव्हते. आपल्या पंतप्रधानांनी 'माझे मित्र' म्हणत जुने फोटो लावले. मांडवात पहिल्या रांगेत बसायला मिळावं म्हणून मुहूर्ताच्या तासभर आधी येणारे पाहुणे असतात ना, अगदी तसं चित्र.

माझं म्हणणं एवढंच की हे संदेश अमेरिकेबद्दल फार काही सांगत नाहीत. पाठवणाऱ्याला कशाची भीती आहे, कशाची आशा आहे आणि घरी त्याचं काय चाललंय, ते मात्र स्वच्छ दिसतं. झेलेन्स्कींनी ट्रम्प यांच्याच 'सामर्थ्यातून शांतता' या घोषणेचं कौतुक केलं, कारण त्यांना तोफगोळे हवेत. मॅक्राँनी 'आपण चार वर्षं एकत्र काम केलंच होतं' अशी आठवण करून दिली; जुनी ओळख दाखवून आत शिरायचा तो मार्ग. ऑर्बान तर आधीपासून सांगत होते की ट्रम्प जिंकले तर शॅम्पेनच्या बाटल्या फोडू. निकाल लागला तेव्हा स्वारी किर्गिझस्तानात परिषदेला गेलेली, म्हणून व्होडकावर भागवलं असं त्यांनीच नंतर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी युरोपातले झाडून सगळे नेते बुडापेस्टमध्ये जमणार होते आणि यजमान कोण, तर ऑर्बान. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

क्रेमलिननं मात्र पहिल्या दिवशी कोरडेपणा दाखवला. प्रवक्ते पेस्कोव्ह म्हणाले की अमेरिका हा आमच्याशी शत्रुत्वानं वागणारा देश आहे, अभिनंदनाचा काही बेत असल्याचं मला माहीत नाही. आणि ७ तारखेला सोचीतल्या वल्दाई परिषदेत प्रश्न विचारला गेल्यावर पुतिन यांनी 'या संधीचा फायदा घेऊन' अभिनंदन केलं. पत्र नाही, फोन नाही, जाता जाता. असा जाता-जाताचा आव आणायला किती तयारी लागत असेल!

तुम्हाला आठवत असलेले, याआधीच्या निवडणुकांतलेही किस्से येऊ द्या. ट्रम्प चांगले की वाईट यावरची हाणामारी दुसऱ्या धाग्यावर.

दिवटे मास्तर

धागा चांगला आहे. एक गोष्ट इथे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे निवडणूक आयोग निकाल जाहीर करतो आणि त्याला कायद्याचं बळ असतं. अमेरिकेत असा देशपातळीवरचा आयोगच नाही. तिथलं फेडरल इलेक्शन कमिशन प्रचारातल्या पैशांचा हिशेब बघतं, मतं मोजत नाही. मोजणी करतात राज्यं आणि त्यांच्या काउंट्या. 'अमुक जिंकला' हे रात्री सांगतात ते वृत्तसंस्था आणि वाहिन्या. असोसिएटेड प्रेस हे काम १८४८ पासून करतंय.

म्हणजे जगातले राष्ट्रप्रमुख एका खाजगी वृत्तसंस्थेच्या भरवशावर अभिनंदन करतात. या वेळी तर अनेकांनी तिचीही वाट पाहिली नाही. कायद्यानं बघायचं तर इलेक्टरांचं (अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींचं) मतदान १७ डिसेंबर २०२४ ला, संसदेत त्या मतांची मोजणी ६ जानेवारी २०२५ ला, तेव्हा निवडणूक पूर्ण.

२००० साली या घाईनं तोंडघशी पाडलं होतं. वाहिन्यांनी पहाटे फ्लोरिडा बुश यांच्या पदरात टाकला, गोर यांनी फोन करून पराभव मान्य केला, काही देशांच्या प्रमुखांनी अभिनंदनही पाठवलं. मग गोर यांनी फोन करून शब्द मागे घेतला! ज्यांचे संदेश गेले होते त्यांची पंचाईत झाली. शेवटी १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि ५३७ मतांच्या फरकानं फ्लोरिडा बुश यांच्याकडे राहिला.

विदर्भवीर

मास्तर, स्लोव्हेनियाचे पंतप्रधान विसरले का? २०२० मध्ये ४ नोव्हेंबरलाच यांनी ट्रम्प जिंकले म्हणून ट्वीट ठोकून दिलं. यानेझ यान्शा नाव त्यांचं. ट्रम्प यांच्या पत्नी मेलानिया बाई तिथल्याच, सेव्हनित्सा गावच्या. माहेरच्या माणसाला घाई होणारच ना बाप्पा!

बाकी माहेर-आजोळावरून आठवलं. २०२० मध्ये तमिळनाडूतल्या तिरुवारूर जिल्ह्यात तुळसेंद्रपुरम गावी फटाके, रांगोळ्या, मिठाई. कमला हॅरिस यांच्या आजोबांचं मूळ गाव. तिथल्या देवळात देणगीदारांच्या दगडावर कमलाबाईंचं नाव कोरलेलं आहे. या वेळी पूजा झाली, पण फटाके तसेच राहिले. आणि तिकडे आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या वडलुरू गावात आनंदीआनंद, कारण ट्रम्प यांच्यासोबत उपाध्यक्षपदी निवडून आलेल्या व्हान्स यांच्या पत्नी उषा यांचं घराणं तिथलं. म्हणजे अमेरिकेत कोणीही जिंको, आपल्याकडे एका गावात पेढे हे पक्कं.

२०२० मध्ये आमच्या नागपुरातही बायडन सापडले होते हे विसरू नका. खरंच या आडनावाचं कुटुंब आहे, टीव्हीवाले घरासमोर उभे होते. स्वतः बायडन २०१३ मध्ये मुंबईत आले तेव्हा त्यांनी भाषणात सांगितलं होतं की सिनेटर झाल्यावर मुंबईच्या एका बायडनचं पत्र आलं होतं. पुढे २०२१ मध्ये व्हाइट हाउसमध्ये मोदी त्या वंशावळीची कागदपत्रं घेऊन गेले. आता इतकं जवळचं नातं असून संत्र्यावर काही सवलत मिळाली नाही ती नाहीच.

ठाणेकरीण

विदर्भवीर, हसून हसून पुरेवाट!

पण तळटीप, तुमच्या मुद्द्याला माझा थोडा विरोध आहे. सगळंच हिशेबी नसतं. २००८ आठवा. केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी, किबाकींनी, ओबामा जिंकले म्हणून ६ नोव्हेंबरला देशभर सुट्टी जाहीर केली. दुसऱ्या देशाच्या निवडणुकीसाठी सार्वजनिक सुट्टी! ओबामांच्या वडिलांकडच्या कोगेलो गावात लोक रस्त्यावर नाचत होते. जपानमध्ये फुकुई प्रांतात ओबामा नावाचं एक छोटं बंदर आहे. नुसत्या नावाच्या योगायोगावर तिथल्या बायका हुला नाच करत होत्या. त्यांना त्यातून काय मिळवायचं होतं? थोडं पर्यटन मिळालं असेल, पण तो आनंद बघून तुम्हालाही बरं वाटलं असतं.

मला वाटतं राजवाड्यातल्या आणि रस्त्यावरच्या प्रतिक्रिया वेगळ्या धरायला हव्यात. तुम्ही फक्त राजवाड्याबद्दल लिहिलंय. आणि राजवाड्यातही सगळे मुत्सद्दी नसतात. त्याच आठवड्यात इटलीचे पंतप्रधान बर्लुस्कोनी मॉस्कोत रशियाचे अध्यक्ष मेदवेदेव यांच्या शेजारी उभे राहून ओबामांच्या 'छान उन्हात रापलेल्या रंगा'बद्दल बोलून गेले. नंतर म्हणे ती स्तुती होती.

उंडगा

मेदवेदेव यांचा विषय निघालाच आहे तर: ५ नोव्हेंबर २००८, ओबामांचा विजय अजून ताजा, आणि मेदवेदेव यांनी वार्षिक भाषणात जाहीर केलं की पोलंडला लागून असलेल्या रशियाच्या कालिनिनग्राडमध्ये इस्कंदर क्षेपणास्त्रं लावू. पोलंडमधल्या अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला उत्तर म्हणून. हेही एक प्रकारचं स्वागतच.

उलट अहमदीनेजाद यांनी ओबामांना अभिनंदनाचं पत्र लिहिलं. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणच्या राष्ट्राध्यक्षानं असं पत्र पाठवल्याचं पहिलंच उदाहरण. आणि इराणमध्येच त्यांच्यावर टीका झाली.

आता २०१६. रशियन ड्यूमात निकोनोव्ह नावाच्या खासदारानं उभं राहून बातमी दिली आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. पण पुढच्याच ऑगस्टमध्ये रशियावरच्या नव्या निर्बंधांच्या कायद्यावर सही कोणी केली? ट्रम्प यांनीच. नाइलाजानं केली हे खरं, पण केली. या वेळी मॉस्कोत टाळ्या का नव्हत्या ते यावरून कळतं. पुतिन यांचा कोरडेपणा तळटीप म्हणतात तसा नुसता आव नसावा, पोळलेलेही आहेत.

म्युनिककरीण

इथे जर्मनीत ६ तारखेला जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी ऑफिसात शोककळा. माझ्या ऑफिसातले लोक एरवी कॉफी मशीनपाशी हवामान आणि फुटबॉलच्या पलीकडे जात नाहीत, ते त्या दिवशी नेटो, आयात कर आणि बव्हेरियातल्या अमेरिकी तळांवर बोलत होते. ट्रम्प यांनी प्रचारात सगळ्या आयातीवर सरसकट १० ते २० टक्के कर लावायचं बोलून ठेवलंय. आमच्या भागात ज्याची नोकरी गाड्यांशी निगडित नाही असं घर शोधावं लागतं, त्यामुळे हा राजकारणाचा नाही, पगाराचा विषय होता.

आणि त्याच रात्री चॅन्सेलर शोल्झ यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढून टाकलं. सरकार कोसळलं! सकाळी अमेरिकेचा निकाल, रात्री आपलंच सरकार नाही. युरोपानं आता एकजुटीनं उभं राहायला हवं अशी भाषणं दिवसभर ऐकून झाली होती आणि रात्री तीन पक्षांची आघाडीसुद्धा एकजुटीनं उभी राहिली नाही.

२०१६ मधला तेव्हाच्या चॅन्सेलर मर्केलबाईंचा संदेश आठवा. अभिनंदन केलं, पण त्यात लोकशाही, स्वातंत्र्य, कायद्याचा आदर, वंश-रंग-धर्म-लिंग न बघता माणसाची प्रतिष्ठा अशी यादी घातली आणि या मूल्यांच्या आधारावर सहकार्य करू असं म्हटलं. अमेरिकेच्या अध्यक्षाला अटी घालून अभिनंदन! तेव्हा तिचं फार कौतुक झालं होतं. शोल्झ यांच्या या वेळच्या संदेशात तसं काही नव्हतं. दोन्ही देशांनी मिळून बरंच कमावलंय, पुढेही करू, अशा छापाचं. काही जणांना हा शहाणपणा वाटला, काहींना घाबरटपणा. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. आता 'आएफडे' (एएफडी) या अतिउजव्या पक्षाचे लोक सोडले तर इथे कोणी उघड आनंद केला नाही. त्यांच्या वायडेलबाईंनी मात्र लगेच अभिनंदन केलं.

विदर्भवीर, आजोळच्या गावांची तुमची यादी अपुरी आहे. ट्रम्प यांचे आजोबा इथल्या कालश्टाटचे. वाइनचं छोटंसं गाव, आणि डुकराच्या पोटात मसाला भरून केलेला एक पदार्थ तिथे प्रसिद्ध. तिथे ना पूजा ना फटाके. लोक पत्रकारांना कंटाळलेत, नातवाचा विषय काढला की वाइनबद्दल बोलू लागतात. गंमत म्हणजे हे आजोबा अमेरिकेत पैसे कमावून परत आले तेव्हा लष्करी सेवा चुकवली म्हणून त्यांना बव्हेरियाच्या राज्यानं राहू दिलं नाही. तो भाग तेव्हा बव्हेरियाकडे होता. ठेवून घेतलं असतं तर हा धागाच निघाला नसता.



एडिसनवासी

सगळं वाचतोय. आता ज्याच्या घरचं कार्य आहे त्याचंही थोडं ऐका.

परदेशातून येणाऱ्या शोकसंदेशांचा इथल्या माणसाला जाम राग येतो. २००४ ला बुश पुन्हा निवडून आले तेव्हा लंडनच्या डेली मिररनं पहिल्या पानावर छापलं होतं: '५,९०,५४,०८७ लोक इतके मूर्ख कसे असू शकतात?' मी तेव्हा नवीन होतो इथे, आणि बुश मला आवडत नसूनही ते पान बघून डोकं फिरलं. तुम्ही कोण विचारणारे?

त्याच निवडणुकीत गार्डियनचा उद्योग तर अजब होता. ओहायोतली क्लार्क काउंटी निवडली, तिथल्या मतदारांची यादी मिळवली आणि आपल्या वाचकांना सांगितलं की या लोकांना पत्रं लिहा, जगाच्या वतीनं समजवा. २००० मध्ये तिथे गोर ३२४ मतांनी पुढे होते. पत्रं पोचली. लोक भडकले. बुश यांनी ती काउंटी दीड हजाराहून जास्त मतांनी घेतली. नुसती पत्रांमुळेच असं मी म्हणत नाही, पण गोर यांच्याकडून बुश यांच्याकडे गेलेली ओहायोतली ती एकच काउंटी होती, एवढं सांगतो. आणि या क्लार्क काउंटीचं मुख्य गाव कोणतं माहितीय? स्प्रिंगफील्ड. २०२४ च्या प्रचारात स्थलांतरितांनी कुत्री-मांजरं खाल्ल्याच्या अफवेमुळे जगाला पाठ झालेलं तेच. त्या गावाच्या नशिबात काय आहे कळत नाही.

आणि भारतातून येणाऱ्या प्रतिक्रिया! निकालाच्या दिवशी पुण्याहून, नाशिकहून, सांगलीहून फोन. अर्ध्यांचा सूर 'आता तुमच्या व्हिसाचं काय?' आणि उरलेल्यांचा 'बरं झालं, आता मजा येईल'. तो दुसरा सूर लावणाऱ्यांच्याच मुलांची एच-वन-बीची फाइल अडकलेली असते, आणि मागच्या ट्रम्प राजवटीत अर्जांच्या चौकश्या किती वाढल्या होत्या ते त्यांना घरातल्यांनीच सांगितलेलं असतं. तरी मजा. इथे न्यू जर्सीत हॅरिस जिंकल्या खऱ्या, पण २०२० मध्ये बायडन १६ टक्क्यांच्या आसपास पुढे होते ते अंतर ६ च्या घरात आलं. आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात कोणी कोणाला मत दिलं हे आता पूर्वीसारखं गृहीत धरता येत नाही. हे भारतात बसून दिसत नाही.

शेअरबाजारू

नेत्यांच्या संदेशांपेक्षा बाजाराची प्रतिक्रिया खरी, कारण तिथे खिशातले पैसे लागतात.

६ नोव्हेंबरला सेन्सेक्स सुमारे ९०० अंकांनी वर. आयटीचे शेअर ४ टक्क्यांच्या आसपास चढले. कारण साधं: तिकडे कंपन्यांवरचा कर कमी झाला की त्या आपल्या आयटीवाल्यांना कामं देतील आणि डॉलर वधारला की इकडे रुपयांत कमाई जास्त. रुपया त्याच दिवशी डॉलरमागे ८४ च्या वर, नव्या नीचांकाला. तेहरानमध्ये रियाल डॉलरमागे ७ लाखांच्या पलीकडे गेला. इराण सरकारचे लोक म्हणत होते आम्हाला फरक पडत नाही. चलनाचं मत वेगळं होतं.

पण बाजारही पहिल्या दिवशी काहीच्या बाही वागतो. २०१६ मध्ये मेक्सिकोचा पेसो रात्रीत १० टक्क्यांहून जास्त पडला. जपानचा निक्केई ९ नोव्हेंबरला ५.४ टक्के खाली आणि दुसऱ्या दिवशी ६.७ टक्के वर! ज्यांनी घाबरून विकलं ते बसले हात चोळत. आपल्याकडे त्या सकाळी सेन्सेक्स दीड हजार अंकांहून जास्त कोसळून दुपारपर्यंत बराच सावरला. आणि आपल्याला तर तो धक्का एकटा नव्हताच. आदल्या रात्री आठ वाजता नोटबंदी. ९ तारखेला बँका बंद, एटीएम बंद, हातात बाद झालेल्या पाचशेच्या नोटा. भारताची प्रतिक्रिया कोणी विचारली असती तर लोक म्हणाले असते, कोण ट्रम्प? आधी सुट्टे द्या.

सेन्सेक्स ७ तारखेला पुन्हा आठशे अंकांनी पडला, हेही नोंदवून ठेवतो. आदल्या दिवशीच्या मथळ्यांत 'ट्रम्प तेजी' होती.

तळटीप

सर्वांचे आभार. ठाणेकरीण, रस्ता आणि राजवाडा हा फरक मान्य. पण शेअरबाजारू म्हणतात त्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. नोटबंदीच्या रांगेतल्या माणसाला ट्रम्प दिसलेच नाहीत. म्युनिकमध्ये रात्री शोल्झ-लिंडनर. प्रत्येक जण आपापल्या खिडकीतून बघतोय.

२०१६ चे दोन किस्से, कारण तेव्हा जगाची तारांबळ उडाली होती. कोणालाच ट्रम्प अपेक्षित नव्हते, त्यामुळे त्यांच्याशी संपर्क कसा करायचा हेच ठाऊक नव्हतं. एरवी असे फोन परराष्ट्र खात्यामार्फत, ठरलेल्या क्रमानं होतात. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांना, टर्नबुल यांना, ट्रम्प यांचा मोबाइल नंबर कोणी दिला? गोल्फपटू ग्रेग नॉर्मन यांनी! वॉशिंग्टनमधल्या राजदूतानं त्यांच्याकडून मिळवला. दूतावास, गुप्तचर यंत्रणा, एवढा जुना लष्करी करार, आणि नंबर मिळतो गोल्फच्या मैदानावरून. जपानचे आबे त्याहून हुशार. निकालाला दोन आठवडे व्हायच्या आत ते ट्रम्प टॉवरमध्ये हजर, सोबत सोन्याचा मुलामा दिलेली गोल्फची काठी. निवडून आलेल्या ट्रम्प यांना भेटणारे ते पहिले परदेशी नेते.

आणि पाकिस्तान. नवाझ शरीफ यांचा फोन झाला. अशा फोनचं सरकारी टिपण साधारणपणे 'द्विपक्षीय संबंधांवर चर्चा झाली' इतकं कोरडं असतं. पाकिस्ताननं ट्रम्प यांचं बोलणं जवळपास जसंच्या तसं छापलं: तुम्ही फार जबरदस्त माणूस आहात, तुमचा देश अफलातून, तुमचे लोक हुशार, मी कुठलीही भूमिका निभावायला तयार. जगभर हसू झालं. पण शरीफ यांना ते टिपण वॉशिंग्टनसाठी नको होतं, रावळपिंडीतल्या लष्करासाठी हवं होतं. या वेळी तिथे इम्रान खान तुरुंगात आहेत आणि ट्रम्प त्यांना सोडवतील अशी आशा त्यांचे समर्थक लावून बसलेत. तीच खिडकी, बाहेर बघणारे फक्त दुसरे.

अश्दोदकर

नमस्कार. मी इस्रायलहून लिहितो. माझे आईवडील अलिबागकडचे, घरात अजून मराठी बोलतो.

आमच्याकडे बहुतेक लोकांना ट्रम्प हवे होते, हे खरं आहे. त्यांनी वकिलात जेरुसलेमला आणली, गोलान टेकड्यांचा प्रदेश आमचा मानला. गोलानमध्ये त्यांच्या नावाची वस्तीच आहे, रमात ट्रम्प, २०१९ पासून. नेतन्याहूंनी 'इतिहासातलं सर्वांत मोठं पुनरागमन' असं लिहिलं.

पण एक लक्षात घ्या. अमेरिकेत मतदान चालू असताना, ५ तारखेच्या संध्याकाळी, नेतन्याहूंनी संरक्षणमंत्री गॅलंट यांना काढलं. युद्ध चालू असताना. तेल अवीवमध्ये लोक रस्त्यावर आले. त्यामुळे माझ्या इमारतीत त्या रात्री दोन टीव्ही दोन गोष्टी दाखवत होते. माझ्या शेजारणीचा मुलगा राखीव दलात लेबनॉनच्या सीमेवर आहे. ती म्हणाली, जो कोणी जिंकेल तो याला घरी पाठवेल का, एवढंच मला सांगा. तिला मी काही उत्तर देऊ शकलो नाही.

म्युनिककरीण

अश्दोदकर, तुम्ही लिहीत राहा इथे. मुलगा सुखरूप परत येवो.

उंडगा

जरा हलकं करतो. या आठवड्यात सगळ्यात जास्त काम कोणी केलं असेल तर जुनी ट्विटं पुसणाऱ्यांनी. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केव्हिन रड २०२४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये राजदूत होते. पदावर नसताना त्यांनी ट्रम्प यांना इतिहासातले सर्वांत विध्वंसक अध्यक्ष वगैरे म्हणून ठेवलं होतं. निकाल लागला आणि ती ट्विटं गायब. अध्यक्षपदाचा मान राखण्यासाठी म्हणे. ब्रिटनचे २०२४ मधले परराष्ट्रमंत्री डेव्हिड लॅमी यांनी २०१८ मध्ये तर नव-नाझींशी सहानुभूती असलेला मनोरुग्ण इथपर्यंत मजल मारली होती. निकालानंतर ती 'जुनी बातमी' आहे असं त्यांचं म्हणणं, आणि निवडणुकीआधीच सप्टेंबरमध्ये ट्रम्प टॉवरमध्ये जाऊन ते जेवूनही आले.

फ्रान्सचे राजदूत जेरार आरो यांनी २०१६ ला निकालाच्या रात्रीच 'आपल्या डोळ्यांदेखत एक जग कोसळतंय' असं लिहून टाकलं आणि मग पुसलं. या सगळ्यांत मला तेच आवडतात. निदान मनातलं बोलले.

नवा_वाचक

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. एक शंका: अभिनंदन नाहीच केलं, किंवा उशिरा केलं, तर होतं काय?

तळटीप

स्वागत! चांगला प्रश्न आहे. २०२० मध्ये ७ नोव्हेंबरला बायडन जिंकल्याचं कळलं. चीननं जवळपास आठवडाभर वाट पाहिली. पुतिन, ब्राझीलचे बोल्सोनारो आणि मेक्सिकोचे लोपेझ ओब्राडोर हे तिघं डिसेंबरच्या मध्यापर्यंत, इलेक्टरांचं मतदान होईपर्यंत, थांबले. म्हणजे मास्तरांच्या कायद्याप्रमाणे तेच तिघं बरोबर होते!

पुतिन आणि बोल्सोनारो यांची कारणं उघड आहेत. लोपेझ ओब्राडोर यांचं कारण मला जास्त पटतं. २००६ मध्ये ते स्वतः मेक्सिकोत अर्ध्या टक्क्याच्या फरकानं हरले होते. आपल्यावर घोटाळा झाला असं त्यांचं म्हणणं होतं, फेरमोजणीसाठी लोक रस्त्यावर बसले होते, आणि त्याआधीच परदेशी नेत्यांनी प्रतिस्पर्धी काल्देरोन यांचं अभिनंदन करून विषय संपवला. २०२० मध्ये त्यांनी ही आठवण स्पष्ट सांगितली. डाव्या विचारांचा माणूस, सीमेवर भिंत बांधणारे ट्रम्प हरलेत, तरी अभिनंदनाला महिन्यावर उशीर. तिकडे वॉशिंग्टनमध्ये अनेकांना राग आला. प्रत्यक्षात मात्र काही बिघडलं नाही. इतका व्यापार आणि इतकी लांब सीमा असलेल्या शेजाऱ्याशी अबोला धरून चालत नाही.

एडिसनवासी

इथे मी सहमत नाही. ओब्राडोर यांच्या त्या महिनाभरानं नुकसान झालंच. इथे तेव्हा अर्धा देश निकालच मानत नव्हता, आणि 'बघा, मेक्सिकोही मानत नाही' हे मी स्वतः शेजाऱ्याकडून ऐकलंय. त्याचा शेवट ६ जानेवारीला कॅपिटॉलवर काय झाला ते सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी झिम्बाब्वेचे मनांगाग्वा म्हणाले की लोकशाहीच्या नावाखाली दुसऱ्यांना शिक्षा करायचा अमेरिकेला नैतिक अधिकार उरलेला नाही. मनांगाग्वांकडून लोकशाहीचे धडे! आणि आम्हाला उत्तर सुचत नव्हतं.

दिवटे मास्तर

एडिसनवासी, तुमचा शेजारी मेक्सिकोनं अभिनंदन केलं असतं तर मानणार होता का? परदेशी पत्रांनी मतं वळत नाहीत हे तुम्हीच वर क्लार्क काउंटीच्या उदाहरणानं सांगितलंत.

एडिसनवासी

वळत नाहीत, पण भडकतात ना मास्तर. ते उदाहरण त्यासाठीच दिलं होतं.

विदर्भवीर

मास्तर आणि एडिसनकाका, चालू द्या. २० नोव्हेंबरला आमच्याकडे विधानसभेचं मतदान आहे, सध्या गल्लीत भोंग्यांमुळे काही ऐकू येत नाही. मेक्सिकोच्या नव्या बाई शेनबॉम यांनी काय केलं या वेळी, तेवढं कोणी लिहा.

तळटीप

६ तारखेला सकाळच्या पत्रकार परिषदेत आधी म्हणाल्या की काळजीचं कारण नाही, आम्ही स्वतंत्र देश आहोत. त्या वेळी पेसो घसरत होता, म्हणून ते वाक्य ट्रम्प यांच्यासाठी नव्हतं, बाजारासाठी होतं. अभिनंदन त्यानंतर, आणि दुसऱ्या दिवशी फोन. ओब्राडोर यांच्याच पक्षाच्या, त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या, पण या वेळी महिनाभर थांबायची चैन त्यांना परवडणारी नव्हती.